ड्रोनचालकाचें वय आणि कामाचा ताण

यवतमाळ जिल्ह्यांत ‘फवारणी’ हा शब्द २०१७ सालापासून पूर्वीसारखा निर्विकारपणें उच्चारला जात नाहीं. त्या वर्षीं पावसाळ्याच्या उत्तरार्धांत कापसावर औषध मारतांना विषबाधा होऊन जिल्ह्यांतील विसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, आणि शेकडों लोकांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत व इतरत्र उपचार घ्यावे लागले. पऱ्हाटी त्या वर्षीं नेहमींपेक्षां उंच वाढली होती. माणूस तिच्यांत बुडून जाई, आणि पंपाचा तुषार पानांवर पडण्याऐवजीं त्याच्याच तोंडावर व छातीवर येई. हातांत मोजे नाहींत, नाकातोंडावर पट्टी नाहीं, दोन-तीन औषधें एकाच टाकींत कालविलेलीं, आणि वर भाजून काढणारें ऊन. या औषधांपैकीं कित्येक ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गांतील असतात. मज्जातंतूंचें काम सुरळीत चालविणाऱ्या कोलिनएस्टरेज नांवाच्या विकराला तीं निकामी करतात, आणि मग घाम, धूसर दृष्टि, थरकांप येथपासून श्वास बंद पडण्यापर्यंत मजल जाते.

या संकटाला यंत्रानें एक उत्तर दिलें आहे. चार किंवा सहा पंख्यांचा, दहा-एक लिटरची टाकी पोटाशीं धरलेला ड्रोन पिकाच्या माथ्यावरून थोड्या उंचीनें उडत जातो, आणि त्याचा चालक वारा ज्या बाजूनें येतो त्या बाजूच्या धुऱ्यावर उभा राहून हातांतील पडद्याकडे व वरच्या यंत्राकडे आळीपाळीनें पाहत असतो. एका एकराचें काम दहा मिनिटांच्या आसपास उरकतें. केंद्रीय मंत्रिमंडळानें नोव्हेंबर २०२३ मध्यें ‘नमो ड्रोन दीदी’ ही योजना मंजूर केली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यावयाचे, किंमतीच्या ८० टक्के परंतु ८ लाख रुपयांच्या मर्यादेंत अनुदान द्यावयाचें, उरलेली रक्कम गटानें कर्जानें उभी करावयाची, आणि गटांतील एका स्त्रीला १५ दिवसांचें शिक्षण देऊन चालक बनवावयाचें, अशी तिची आखणी होती. विदर्भाच्या कापूसपट्ट्यांतही हें यंत्र आतां नवलाचें राहिलेलें नाहीं.

चालकाचें शरीर विषापासून दूर राहतें, हा लाभ लहान नव्हे. परंतु अंगावरून उतरलेला भार कांहीं अंशीं मनावर चढतो, आणि तो कोणत्या वयाचें मन अधिक चांगल्या रीतीनें पेलतें, हा प्रश्न आतां विचारला जाऊं लागला आहे. त्याचें लोकप्रिय उत्तर ठरलेलें आहे: हें पोरांचें काम. ज्याच्या हातांत लहानपणापासून मोबाइल आहे त्यालाच तें साधेल, पन्नाशीच्या माणसानें त्यांत पडूं नये, असें गांवांतच नव्हे तर शहरांतील सुशिक्षित घरांतही सहज बोललें जातें. कायद्यानें मात्र एवढी घाई केलेली नाहीं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें दहावी उत्तीर्ण असलेली १८ ते ६५ वर्षें वयाची कोणतीही व्यक्ति प्रशिक्षण घेऊन चालकाचें प्रमाणपत्र मिळवूं शकते. म्हणजे आजोबा व नातू एकाच वर्गांत, एकाच बांकावर बसूं शकतात.

प्रथम हें काम कसें असतें तें नीट पाहिलें पाहिजे; कारण ‘ताण’ हा शब्द आज इतका सैल झाला आहे कीं, त्यांत परीक्षेची भीति आणि पोटाची चिंता दोन्ही मावतात. हान्स सेली यांनीं १९३६ मध्यें उंदरांवरील प्रयोगांविषयीं ‘नेचर’ नियतकालिकांत एक छोटेसें पत्र लिहिलें, आणि तेथून निघालेली ही कल्पना आज घाटंजीच्या किंवा दिग्रसच्या धुऱ्यापर्यंत येऊन पोहोंचली आहे. वाटेंत तिचा आकार बराच बदलला.

फवारणीची खरी वेळ सकाळीं लवकर आणि सायंकाळीं. दुपारीं ऊन तापलें कीं बारीक थेंब पानावर बसण्यापूर्वींच वाळतात, आणि वारा उठला कीं ते भलतीकडे जातात. कीड मात्र सर्वांच्या वावरांत एकाच आठवड्यांत येते. त्यामुळें ज्या दोन-चार तासांत काम शक्य असतें त्याच तासांसाठीं दहा जणांची हांक येते. एक बॅटरी म्हणजे एक उड्डाण, फार तर त्याहून थोडें अधिक. प्रत्येक उतरणीला तापलेली बॅटरी काढावयाची, दुसरी बसवावयाची, टाकी भरावयाची, पुन्हां उडवावयाचें. सकाळभरांत असें किती वेळां होतें त्याची गणति चालक करीत नाहीं, पण त्याचें शरीर करतें. आंखलेल्या मार्गावरून यंत्र आपोआप जातें हें खरें. तरी धुऱ्यावरचा कडुनिंब, विहिरीच्या मोटारीकडे गेलेली विजेची तार, मध्येंच बांध ओलांडणारें गुरूं किंवा मूल यांवर डोळा ठेवावाच लागतो. शेजारच्या वावरांत तूर फुलावर असेल आणि त्यावर हें औषध उडालें, तर भांडण यंत्राशीं होत नाहीं, चालकाशीं होतें.

आणि मदतनिसाला विसरून चालणार नाहीं. पाठीवरच्या पंपाला एका एकरासाठीं जेथें कित्येक टाक्या पाणी लागे, तेथें ड्रोनला दहा-एक लिटर पुरतें; म्हणजे टाकींतलें द्रावण त्या मानानें अनेक पटींनीं तीव्र असतें. तें कालविणारा हात विषापासून दूर गेलेला नाहीं. चालक व मदतनीस पुष्कळदां एकाच गटांतल्या, कधीं एकाच घरांतल्या असतात, आणि दुसरीच्या हातमोज्यांची काळजी पहिलीच्या मनांत असते. ती कोणत्याही ताणमापनाच्या तक्त्यांत सहसा येत नाहीं.

आतां वयाकडे वळतां येईल. कांहीं गोष्टी निर्विवाद आहेत. प्रतिक्रियेचा वेग विशी-पंचविशीनंतर हळूहळू मंदावत जातो. डोळ्याचें भिंग ताठर होऊन जवळचें दिसण्यास अडचण पडते, आणि मराठींत तर चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात. ड्रोनचालकाला हातभर अंतरावरचा पडदा आणि शंभर-दोनशें पावलांवरचें यंत्र यांच्यामध्यें नजर सारखी फिरवावी लागते, तेव्हां ही अडचण लहान नाहीं. तिच्यावरचा उपायही लहानच आहे, योग्य चष्मा. उन्हाचा मारा वाढत्या वयांत कमी सोसतो. एवढ्यावरून पोरांचा पक्ष सिद्ध झाला असें वाटेल.

परंतु याच जागीं मानसशास्त्रांतील दोन जुने-नवे दाखले आडवे येतात. १९८४ सालीं टिमथी सॉल्टहाउस या अमेरिकन संशोधकानें १९ ते ७२ वर्षें वयाच्या टंकलेखकांची परीक्षा घेतली. वयस्क टंकलेखकांची बोटें साध्या प्रतिक्रियेच्या कसोटींत मंद निघालीं. टंकलेखनाचा वेग मात्र तरुणांच्या बरोबरीचा होता. रहस्य असें निघालें कीं, तीं अनुभवी माणसें मजकुरांत अधिक पुढें वाचीत होतीं. बोटांची उणीव डोळ्यांच्या दूरदृष्टीनें भरून निघत होती. दुसरा दाखला वैमानिकांचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉय टेलर व सहकारी यांनीं ४० ते ६९ वर्षें वयाच्या ११८ वैमानिकांची कृत्रिम विमानकक्षांत दरवर्षीं कसोटी घेऊन तीन वर्षांचा अभ्यास २००७ मध्यें प्रसिद्ध केला. आरंभीं वयस्क वैमानिकांचे गुण कमी होते. पण पुढील वर्षांत त्यांची घसरणही कमी झाली, विशेषतः दुसऱ्या विमानाची टक्कर टाळण्याच्या कामांत. आणि वरच्या दर्जाचा परवाना मिळविलेले वैमानिक एकंदरींत सरस ठरले.

हे दाखले वयस्कांना धीर देणारे आहेत खरे, परंतु ते जसेच्या तसे यवतमाळला आणतां येत नाहींत. सुतार, चालक, वैद्य, शिक्षक, कोणताही धंदा घ्या. त्यांत वय आणि अनुभव बहुधा हातांत हात घालून चालतात. पन्नाशीच्या टंकलेखकापाशीं तीस वर्षांचें टंकलेखन होतें. शेतींतला ड्रोन हा धंदा मात्र इतका नवा आहे कीं, त्यांत पन्नाशीची स्त्री आणि बावीस वर्षांचा तरुण दोघेंही सारखींच नवखीं. यंत्राचा अनुभव दोघांनाही दोन-तीन हंगामांचाच. फरक दुसरीकडे आहे. त्या स्त्रीनें तीस पावसाळे पऱ्हाटींत काढले आहेत. पानें कशी हललीं म्हणजे वारा फिरणार, ढग कोणत्या बाजूनें चढला म्हणजे अर्ध्या तासांत सर येणार, कोणता शेतकरी ‘एवढा एकच तुकडा’ म्हणून चार तुकडे करवून घेणार, हें तिला पाठ आहे. म्हणजे सॉल्टहाउस यांच्या टंकलेखकांप्रमाणें तीही पुढचें वाचते, पण पडद्यावरचें नव्हे, वावरांतलें. उलट तरुणाला पडद्यावरची खूण कळण्यास क्षण लागत नाहीं आणि आकाशाची खूण कळण्यास हंगाम लागतो. वयानुसार जुळवून घेण्याची शक्ति मोजूं पाहणाऱ्यानें या दोन अनुभवांची गल्लत केली, तर त्याचें उत्तर आरंभींच बिघडलें.

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा. वाढत्या वयाबरोबर माणसाला रोजच्या कटकटींपासून बाजूला होण्याची, वाद वाढूं न देण्याची हातोटी येते. परंतु ज्या ताणापासून बाजूला होतांच येत नाहीं, तो दीर्घकाळ टिकला तर वयस्क शरीर त्यांतून सावरण्यास अधिक वेळ घेतें. सुसान चार्ल्स या संशोधिकेनें २०१० मध्यें हा विचार व्यवस्थित मांडला. त्याच्या जोडीला रॉबर्ट करासेक यांची १९७९ सालची मांडणी ठेवावी: कामाची मागणी मोठी असून ती कशी पुरी करावयाची हें ठरविण्याची मोकळीक नसेल, तेथें ताण सर्वांत घातक होतो. या दोन विचारांचा जेथें संगम होतो, तेथें ड्रोनचालकाच्या वयाचा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहतो. ‘आज वारा आहे, आज यंत्र उडणार नाहीं’ हें वाक्य बोलण्याचा अधिकार कोणाला आहे?

खेड्यांत हा अधिकार वयाप्रमाणें वांटला गेलेला असतो. नव्यानें गांवांत आलेल्या सुनेला चुलत सासऱ्याच्या वावरांत उभें राहून हें सांगावें लागलें, तर तिला आधीं आवाज शोधावा लागेल. तेंच गांव जिला काकू म्हणतें त्या प्रौढ स्त्रीनें सांगितलें, तर शेतकरी कुरकुरेल, पण बंडी माघारी फिरवील. बाविशीच्या मुलाला ‘अरे, तुझ्या वयाचे असतांना आम्ही भरपावसांत औषध मारलें’ असें ऐकावें लागतें, आणि तो हट्टानें किंवा लाजेनें यंत्र उडवितो. वयस्काची जी सरसता दिसते तिचा मोठा भाग मनाच्या परिपक्वतेचा नसून या मानाचा आहे. तो मान काढून घ्या, तिला एकराच्या दरानें कोणा दलालाच्या हाताखालीं जुंपा, सकाळ-संध्याकाळ गांवोगांव पळवा. मग वयाचा लाभ उरत नाहीं, आणि सावरण्यास लागणारा अधिक वेळ तेवढा शिल्लक राहतो. त्यांत गटाच्या कर्जाचा हप्ता असेल तर ‘नाहीं’ म्हणणें दोघींनाही महाग पडतें.

दूर देशांतला एक अनुभव या मताला पुष्टि देतो, जरी तो युद्धाचा असल्यामुळें त्याची तुलना बेतानेंच केली पाहिजे. अमेरिकन वायुदलाच्या ड्रोनचालकांविषयीं पुष्कळ भयंकर कथा प्रसृत झाल्या. वेन चॅपेल व सहकारी यांनीं हजारांवर चालकांची पाहणी करून २०१४ मध्यें लिहिलें कीं, आघातोत्तर मनोविकाराचीं ठळक लक्षणें त्यांच्यापैकीं ४.३ टक्क्यांत आढळलीं. रणभूमीवरून परतणाऱ्या सैनिकांपेक्षां हें प्रमाण कमी होतें. याच मंडळींच्या पाहण्यांत चालकांनीं थकव्याचीं कारणें म्हणून वारंवार जीं सांगितलीं तीं साधीं होतीं: लांबलेले तास, बदलत्या पाळ्या, अपुरीं माणसें. पडद्यावर दिसणाऱ्या मृत्यूचा परिणाम होत नाहीं असा याचा अर्थ मुळींच नव्हे. पण तासांचा हिशेब ठेवल्यावांचून मनाचा हिशेब लागत नाहीं, एवढें यांतून दिसतें.

यवतमाळ जिल्ह्यानें ड्रोनचा आणखी एक उपयोग पाहिला आहे. पांढरकवडा-राळेगांव परिसरांत २०१६ ते २०१८ या काळांत तेरा माणसांच्या मृत्यूस कारण मानली गेलेली ‘टी-१’ किंवा ‘अवनी’ ही वाघीण शोधतांना ड्रोनही वापरण्यांत आले होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं ती गोळीनें मारली गेली. असल्या शोधांतला ताण फवारणीच्या अगदीं उलट जातीचा. फवारणींत श्वास घ्यायला फुरसत नाहीं. शोधांत तासन् तास कांहींच घडत नाहीं, आणि घडेल त्या एका क्षणीं डोळा चुकतां कामा नये. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनीं १९४८ मध्यें हाच प्रश्न रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्या वैमानिकांसाठीं हाताळला होता. घड्याळासारख्या तबकडीवर एक कांटा टिक्-टिक् सरकतो, आणि क्वचित् एकदम दुप्पट उडी घेतो. ती उडी ओळखावयाची. अर्ध्या तासानंतरच माणसें अधिक उड्या हुकवूं लागलीं, आणि तीं तरुण, निरोगी माणसें होतीं. तेव्हां ‘ड्रोनचालकाचा ताण’ असें एकच माप धरणें चुकीचें आहे. वावरांतला चालक आणि जंगलांतला चालक यांचीं कामें नांवानेंच एक आहेत.

मग मोजमाप करावें कसें? शेल्डन कोहेन व सहकारी यांची १९८३ ची प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या महिन्यांत किती वेळां गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या, अशा धर्तीचे तिचे प्रश्न. ती उपयुक्त आहे, पण ‘गेला महिना’ कोणता हें येथें सर्वस्व आहे. सप्टेंबरांत विचारलेलें उत्तर आणि जानेवारींत विचारलेलें उत्तर हीं एकाच माणसाचीं वाटणारही नाहींत. शिवाय वऱ्हाडांतला साठीकडे झुकलेला शेतकरी ‘तसा कांहीं त्रास नाहीं’ म्हणतो तेव्हां तो त्रास नाकारीत नसतो, परक्या माणसापुढें त्याचा उच्चार टाळीत असतो. तरुण मात्र ‘टेन्शन’ हा शब्द चहाबरोबर वापरतो. दोघांचे आंकडे एका खाली एक मांडले कीं तरुण दुबळा व म्हातारा खंबीर ठरतो, आणि तें शब्दांचें अंतर असतें. शरीराचीं मापेंही सरळ बोलत नाहींत. नाडीच्या ठोक्यांमधील अंतराची चढउतार ही ताणाची खूण मानतात, पण वयोमानानें ती निरोगी माणसांतही कमी होते. बाविशीच्या व पन्नाशीच्या नाडीला एकच पट्टी लावणें हा अन्याय. प्रत्येकाची हंगामांतली नाडी त्याच्याच विसाव्याच्या नाडीशीं ताडून पाहिली पाहिजे.

याहूनही फसवी चूक दुसरीच आहे. जे वयस्क चालक आज कामावर दिसतात ते टिकलेले आहेत. ज्यांना तें झेपलें नाहीं ते केव्हांच घरीं बसले. उरलेल्यांना पाहून ‘वयस्क उत्तम जुळवून घेतात’ म्हणणें म्हणजे काठावर पोहोंचलेल्यांना मोजून नदी उथळ आहे असें ठरविणें. तरुणांतही तसेंच: ज्याला शहरांत दुसरी नोकरी मिळाली तो ताणामुळें गेला कीं संधीमुळें, हें विचारल्यावांचून कळत नाहीं.

पाहणीबरोबर एक साधी वस्तु प्रत्येक गटाच्या पेटींत असावयास हवी, ती म्हणजे हातांत धरण्याचा वातमापक. त्याचा आंकडा उड्डाणापूर्वीं वहींत लिहिला, शेतकऱ्यानें तो स्वतः पाहिला आणि त्यावर सही केली, तर ‘नाहीं’ हें उत्तर सुनेचें किंवा पोराचें राहत नाहीं, यंत्राचें होतें. आणि चुलत सासरा यंत्राशीं वाद घालीत बसत नाहीं. तीच वही पुढें पाहणी करणाऱ्यालाही उपयोगी पडेल, कारण कोणत्या वयाच्या चालकानें कोणत्या वाऱ्यांत उड्डाण केलें आणि कोणत्या वाऱ्यांत नाकारलें, हें प्रश्नावलीपेक्षां ती अधिक खरेपणानें सांगेल. पाहणी दोनदां व्हावी: एकदां बोंडें धरण्याच्या दिवसांत, कामाची गर्दी असतांना, आणि पुन्हां जानेवारींत, जेव्हां बॅटऱ्या अर्ध्या भरून कपाटांत ठेवलेल्या असतात व चालकांना बोलायला वेळ असतो. दुसऱ्या खेपेस पहिल्या यादींतलीं सर्व नांवें घ्यावींत, आणि मधल्या काळांत ज्यांनीं काम सोडलें त्यांच्या घरींही जावें.